जमालपूरचा रस्ता

अण्णा १९७१ मध्ये पहिल्या मराठा बटालियनमध्ये, म्हणजे आपल्या जंगी पलटणीत शिपाई होते. पलटण १७६८ सालची. चांद्याचा भातशेतीतला पोरगा थेट ब्रह्मपुत्रेच्या चिखलात! (त्यातल्या त्यात ओळखीचं एवढंच म्हणायचं, चिखल.) घरी याबद्दल ते फारसं बोलले नाहीत. मी हिंजवडीत कोड पाडणारा माणूस, लढाई पुस्तकात वाचली आणि २०१९ च्या डिसेंबरात ढाक्यात चालकासकट गाडी भाड्याने घेऊन तो रस्ता बघायला निघालो. उलट्या दिशेने, म्हणजे ढाका, टांगाईल, जमालपूर, कमालपूर.

आता थोडा इतिहास. मेघालयाच्या सीमेवरचं कमालपूरचं ठाणं पाकिस्तानच्या ३१ बलूचने ४ डिसेंबरपर्यंत धरून ठेवलं होतं. त्याआधी १४ नोव्हेंबरला मुक्तिवाहिनीच्या अबू ताहेरचा पाय तिथेच गेला. ठाणं पडल्यावर ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांची ९५ माउंटन ब्रिगेड बक्षीगंजमार्गे जमालपूरकडे सरकली. समोरून हल्ला केला तर माणसं फुकट जाणार, म्हणून लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या मराठ्यांनी नदी ओलांडून मागून टांगाईलचा रस्ता अडवला. होड्या आणि बैलगाड्या गावकऱ्यांच्या. (हो, १९८४ च्या ऑपरेशन ब्ल्यू स्टारचे तेच ब्रार.)

मग तो प्रसिद्ध पत्रव्यवहार. क्लेर यांनी शरण या असं लिहून मुक्तिवाहिनीच्या एका माणसाबरोबर चिठ्ठी पाठवली. बलूचच्या कर्नलने उत्तर दिलं आणि सोबत एक गोळी गुंडाळून पाठवली. आपल्याकडे हा किस्सा फार चवीने सांगतात. मला मात्र चिठ्ठी घेऊन गेलेल्या माणसाचं जास्त कौतुक वाटतं. तो परत येईल याची खात्री कुणाला होती?

१० डिसेंबरच्या रात्री बलूच त्याच रस्त्याने बाहेर पडायला निघाले, सरळ मराठ्यांच्या मशीनगनपुढे. दोनशेहून अधिक मेले. पुस्तकात हे एका परिच्छेदात संपतं.

जमालपूरच्या दक्षिणेला आम्ही थांबलो. दोन्हीकडे भाताची खाचरं, सायकलरिक्षा, एक चहाची टपरी. मी अण्णांना फोन लावला.

"अण्णा, रस्त्यावर उभा आहे. काहीच नाहीये इथे."

"तेव्हाही नव्हतं. अंधार होता." मग बराच वेळ गप्प. "सकाळी बघितलं तर आमच्याच वयाची पोरं रे. एकाच्या खिशात पत्र होतं. उर्दूत. आम्हाला कुणाला वाचता येईना."

"मग काय केलंत?"

"खिशात परत ठेवलं आणि पुरलं."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. चालकाने विचारलं, पुढे कमालपूरला जायचं ना? म्हटलं, थांब जरा. चहा घेऊ.