वसंतातील परागकणांची ॲलर्जी आणि नाकाचा स्प्रे

फेब्रुवारी-मार्चमध्ये लागोपाठ शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, डोळ्यांना खाज, पण ताप नाही? ही परागकणांची ॲलर्जी असू शकते. दोष बहुधा नजरेत भरणाऱ्या केशरी पळसाचा नसतो. वावळासारख्या झाडांचे बारीक पराग वाऱ्यावर उडतात.

डॉक्टरांनी नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दिला असेल तर तो रोज घ्या. नावाला घाबरू नका, मात्रा अगदी कमी असते. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. बरेच जण दोन दिवसांतच सोडून देतात. फवारा मधल्या पडद्यावर नको, बाहेरच्या बाजूला मारा.

चोंदलेले नाक लगेच मोकळे करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपलीकडे नकोत. नाक उलट जास्तच चोंदते.

धाप लागली किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज आला तर लगेच डॉक्टरांकडे जा.