ओठावर आलेला शब्द आणि निजामाच्या राज्यातली परभणी

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आपण जिभेपासून करू.

एखादा शब्द आठवत नाही तेव्हा आपण काय म्हणतो? “अगं ती... ती हो... काय म्हणतात तिला...” नाव सापडत नाही, पण ‘ती’ सापडलेली असते. वस्तू कोणती ते माहीत, तिचं लिंगसुद्धा माहीत, फक्त आवाज हाती लागत नाही. इटालियन भाषेतही असंच लिंग असतं. तिथल्या बोलणाऱ्यांवर १९९७ साली अभ्यास झाला, तेव्हा शब्द अडलेला असतानाही लोक त्याचं लिंग बऱ्याचदा बरोबर सांगत होते. त्याच्या आधी १९६६ मध्ये हार्वर्डच्या ब्राऊन आणि मॅकनील यांनी दाखवलं होतं की अडलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर किंवा त्यातली अवयवसंख्या माणसाला पुष्कळदा सांगता येते. म्हणजे शब्द मनातून एकदम उडी मारून बाहेर येत नाही. आधी अर्थ, मग व्याकरणासकट शब्दाची जागा, मग उच्चार, असा त्याचा प्रवास असतो. आणि वाट जितकी जास्त तुडवलेली, तितका शब्द लवकर येतो. चित्र दाखवून नाव विचारलं तर नेहमीच्या वापरातलं नाव लवकर येतं आणि क्वचित वापरातलं उशिरा, हे १९६५ सालीच मोजून झालंय.

आता परभणीकडे येऊ. आमचं म्हणणं असं, की कोणती वाट तुडवली जाते हे बऱ्याचदा राज्यकर्ते ठरवतात.

हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तेही उर्दू माध्यमाचं. भारतीय भाषेतून वैद्यक आणि विज्ञान शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतल्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागली. घरात मराठी, वरच्या वर्गात उर्दू, कचेरीतही उर्दू. पुण्याकडचा शेतकरी मामलेदार कचेरीत जायचा, इकडचा तहसीलमध्ये. जिल्ह्याचा प्रमुख तिकडे कलेक्टर, इकडे अव्वल तालुकदार. त्याखाली पेशकार, गिर्दावर. हे सगळे शब्द रोजच्या गरजेतून जिभेवर बसले. सारा, दस्त, फिर्याद यांच्याशी ज्याचं पोट बांधलेलं आहे, त्याला ते शब्द शिकवावे लागत नाहीत.

पाढ्यांचं तर वेगळंच. मराठी शाळेतला ‘बे दुणे चार’ म्हणायचा, उर्दूत शिकलेला ‘दो दूनी चार’. पाढा ही साखळी असते. मधली कडी नेमकी हवी असेल तर बरेच जण मनातल्या मनात मागून सुरुवात करतात. म्हणून माणूस ज्या भाषेत हिशेब शिकला त्याच भाषेत तो बहुधा आयुष्यभर हिशेब करतो. दुकानात मराठी बोलणारा गृहस्थ बेरीज करताना ओठांतल्या ओठांत उर्दू पुटपुटतो, त्यात भाषाद्रोह वगैरे काही नाही.

बी. रघुनाथांचं उदाहरण घ्या. १९१३ साली परभणी जिल्ह्यातल्या सातोना गावी जन्म, निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी, आणि १९५३ मध्ये, अवघ्या चाळिशीत मृत्यू. दिवसभर उर्दू कागद, आणि कविता, कथा, कादंबरी मात्र मराठीत. त्यांच्या डोक्यात दोन भाषा एकाच वेळी जाग्या असणार, कारण दोन्ही रोज वापरणाऱ्याच्या डोक्यात त्या तशा असतातच, एक बोलताना दुसरीला आवर घालावा लागतो. आमच्या मते, त्या परिस्थितीत मराठीत लिहीत राहणं हीच मोठी गोष्ट होती. १९३७ साली परतूरला, तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं ते, महाराष्ट्र परिषदेचं अधिवेशन भरलं, त्यामागेही या भाषेच्या कोंडीची सल होती.

मग सप्टेंबर १९४८. पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. बारा वर्षांत कचेरीचे शब्द दोनदा-तीनदा बदलले. अव्वल तालुकदाराचा कलेक्टर झाला, पुढे जिल्हाधिकारी. १९६२ साली सरकारने पदनाम कोश काढला आणि लोकांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टा केली. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला होता, तरी अर्ज अर्जच राहिला, वसूलही. कोश पाटीवरचं नाव बदलतो, तुडवलेली वाट बदलायला मात्र एक पिढी जावी लागते. आणि मधल्या काळात खिडकीसमोर उभ्या माणसाला शब्द सापडला नाही, की समोरचा समजतो याला काही कळतच नाही. हा अन्याय परभणीने दोनदा पाहिला, आधी मराठी बोलणाऱ्यांच्या वाट्याला आणि मग उर्दूत शिकलेल्यांच्या.

त्या उर्दू शाळांत शिकलेली मुलं आज नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्यापैकी कुणाला पक्षाघात होऊन वाचा गेली, तर कोणती भाषा आधी परत येईल? फ्रान्समध्ये रिबो यांनी १८८१ साली म्हटलं, सगळ्यात आधी शिकलेली. १८९५ मध्ये पित्र म्हणाले, नाही, सगळ्यात जास्त वापरलेली. रुग्ण दोन्ही प्रकारचे सापडतात, काहींच्या बाबतीत तर दोन्ही भाषा बरोबरीने परततात. म्हणून घरच्यांना आमचं एवढंच सांगणं आहे : आजोबा मराठी नाव सांगू शकत नाहीत आणि मध्येच ‘दो दूनी चार’ म्हणतात, तेव्हा त्याला भ्रम म्हणून गप्प करू नका. वाचा-उपचार करणाऱ्याला आधी सांगा, की शाळा कोणत्या भाषेत झाली, कचेरी कोणत्या भाषेत केली, आणि आजोबा हिशेब कोणत्या भाषेत करायचे.