अंधारात फोटो दाणेदार का येतो? एक्सपोजर आणि नॉईज नीट समजून घेऊया

२०१९ साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. संध्याकाळी माजघरात पाटावर बसवून तिला ८१ दिव्यांनी ओवाळायचं ठरलं. घरात इंजिनिअर मी एकटाच, त्यामुळे फोटोंची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. दिव्यांचा उजेड फोटोत छान दिसेल म्हणून मी ट्यूबलाईट बंद करायला लावली, मागे दाराशी उभा राहिलो, दुप्पट झूम केला आणि एका हाताने चाळीसेक फोटो काढले. फोनच्या स्क्रीनवर ते भारी दिसत होते. रात्री लॅपटॉपवर उघडले, तर आजीच्या चेहऱ्यावर लाल-हिरवे ठिपके आणि दिव्यांच्या जागी नुसते पांढरे डाग.

पुढच्या वर्षी आजी गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधायला बसलो, तेव्हा त्या चाळीस फोटोंपैकी एकच कामाचा निघाला. तो एक का चांगला आला आणि बाकीचे का बिघडले, हे शोधताना जे समजलं ते या लेखात सांगतो. फोन महाग असो की स्वस्त, यातलं जवळपास सगळं तुम्हाला वापरता येईल.

नॉईज म्हणजे नेमकं काय?

फोटोत दिसणारे रंगीत ठिपके, दाणे, खरबरीतपणा यांना नॉईज म्हणतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक खाचा असतात, त्यांना आपण पिक्सेल म्हणतो. प्रकाश फोटॉन नावाच्या कणांच्या रूपात येतो आणि प्रत्येक पिक्सेल आपल्या वाट्याला आलेले फोटॉन मोजतो.

पाऊस पडताना गच्चीवर शंभर सारख्या वाट्या ठेवल्या आहेत असं समजा. रिमझिम पावसात मिनिटभराने बघितलं तर एका वाटीत चार थेंब, शेजारच्या वाटीत नऊ, असं दिसेल. पाऊस सगळीकडे सारखाच होता, पण थेंब कुठे पडेल याचा नेम नसतो. तासभर पाऊस झाला की मात्र सगळ्या वाट्यांतलं पाणी साधारण सारखं दिसतं.

सेन्सरचंही असंच होतं. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन येत असतील, तर त्यात साधारण १० चा चढ-उतार असतो, म्हणजे १० टक्के. १०,००० फोटॉन आले तर चढ-उतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. गणिताच्या भाषेत नॉईज हा प्रकाशाच्या वर्गमूळाइतका असतो. व्यवहारात एवढं लक्षात ठेवा: प्रकाश चौपट गोळा केला की फोटो दुप्पट स्वच्छ होतो.

याशिवाय थोडा नॉईज सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्समधून येतो. फोन गरम झाला की तो वाढतो. पण कमी उजेडातला बराचसा खरबरीतपणा हा प्रकाशच कमी पडल्यामुळे असतो.

फोनला जास्त त्रास का होतो?

कारण फोनचा सेन्सर अगदी लहान असतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. अनेक फोनमध्ये वापरला गेलेला १/२.५५ इंची प्रकारचा सेन्सर साधारण २४ चौरस मिलिमीटरचा असतो. म्हणजे जवळपास ३५ पट लहान! लहान भांड्यात पाऊस कमीच साठणार. म्हणून फोन घेताना नुसते मेगापिक्सेल बघू नका, मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर किती मोठा आहे तेही बघा.

एक्सपोजरचे तीन भाग

फोटो किती उजळ येणार हे तीन गोष्टींवर ठरतं.

ॲपर्चर: लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक. एफ/१.८ मधला आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. बहुतेक फोनमध्ये हे बदलता येत नाही.

शटर स्पीड: सेन्सर किती वेळ प्रकाश गोळा करतो. १/५० सेकंद म्हणजे १/१०० च्या दुप्पट प्रकाश. वेळ वाढवला की प्रकाश वाढतो, पण हात किंवा समोरचा माणूस हलला तर फोटो हलतो.

आयएसओ: गोळा झालेला सिग्नल किती पट वाढवून दाखवायचा, तो आकडा.

इथे एक मोठा गैरसमज आहे. ‘आयएसओ वाढवला की नॉईज येतो’ असं सगळे सांगतात. खरं तर आयएसओ म्हणजे रेडिओचा आवाज वाढवायचं बटण. स्टेशन नीट लागलेलं नसेल तर आवाज वाढवल्यावर गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, पण ती खरखर बटणाने तयार केलेली नसते. फोटोतही नॉईज आधीच असतो, कारण प्रकाश कमी पडलेला असतो. आयएसओ तो फक्त दिसेल असा करतो. म्हणूनच प्रो मोडमध्ये जाऊन नुसता आयएसओ कमी केला तर काही उपयोग होत नाही. फोटो काळा येतो, आणि नंतर एडिट करून उजळला की तेच दाणे परत वर येतात.

आता आजीच्या त्या एका चांगल्या फोटोबद्दल. गॅलरीत फोटोची माहिती उघडली की शटर आणि आयएसओ दिसतं. बिघडलेल्या फोटोंमध्ये होतं १/१५ सेकंद आणि आयएसओ ३२००. चांगल्या फोटोत १/५० सेकंद आणि आयएसओ ४००. आयएसओ आठ पट कमी, म्हणजेच सेन्सरवर आठ पट प्रकाश पडला होता, तोसुद्धा शटर तिपटीहून कमी वेळ उघडं असताना. डोकं खाजवल्यावर आठवलं: मधेच दोन दिवे विझले होते आणि काडेपेटी सापडेना म्हणून काकूने मिनिटभर ट्यूबलाईट लावली होती. मी तेव्हा तिच्यावर वैतागलोही होतो!

म्हणून पहिला नियम: सेटिंग बदलण्याआधी उजेड वाढवा. खोलीतला दिवा लावा, माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा किंवा ट्यूबच्या जवळ आणा. दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं की छोट्या दिव्याचा उजेड जवळपास चौपट मिळतो. फोनच्या फ्लॅशलाही हाच हिशोब लागू होतो, म्हणून तो दीड-दोन मीटरच्या पुढे फारसा कामाचा नाही. मिरवणुकीत लांबच्या मूर्तीवर फ्लॅश मारून काहीच होत नाही.

फोन एक्सपोजर चुकवतो, तेव्हा

ऑटो मोडमध्ये फोन साधारणपणे सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी यावी असा प्रयत्न करतो. त्यामुळे दोन ठिकाणी तो फसतो. मागे सगळा अंधार आणि मधे उजळलेला चेहरा असेल, तर अंधाराला उजळायला जातो आणि चेहरा पांढराफटक पडतो. उलट मागे खिडकी किंवा स्वच्छ आकाश असेल, तर चेहरा काळवंडतो.

पांढरा पडलेला भाग जास्त धोक्याचा. वाटी काठोकाठ भरली की पुढचं पाणी वाहून जातं, किती आलं होतं ते कळत नाही. तसंच पिक्सेल भरला की तिथला तपशील कायमचा जातो, कुठल्याही ॲपने परत येत नाही. सावलीतला भाग मात्र थोडा दाणेदार झाला तरी उजळता येतो.

उपाय सोपा आहे:

१. ज्याचा फोटो हवा त्या चेहऱ्यावर स्क्रीनवर बोट ठेवा.
२. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती चेहऱ्यावरचे किंवा दिव्यावरचे तपशील दिसेपर्यंत किंचित खाली सरकवा.
३. बोट तसंच दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये एक्सपोजर लॉक होतं. मग प्रत्येक फोटोत उजेड बदलत नाही.

जास्त खाली नेऊ नका. गरजेपेक्षा काळा फोटो म्हणजे परत कमी प्रकाश आणि परत नॉईज. उजळ भाग वाचेल इतपतच कमी करा.

नाईट मोड काय करतो?

गुगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनसाठी नाईट साईट आणलं, २०१९ मध्ये ॲपलने आयफोन ११ सोबत नाईट मोड दिला. आता साध्या फोनमध्येही तो असतो. नाईट मोड एकामागून एक अनेक फोटो काढतो, ते एकमेकांवर नीट जुळवतो आणि सरासरी घेतो. खरं दृश्य प्रत्येक फोटोत सारखं असतं, नॉईज मात्र दरवेळी वेगळा. त्यामुळे सरासरीत नॉईज विरतो. नऊ फोटो जोडले की तो साधारण एक तृतीयांश होतो, सोळा जोडले की एक चतुर्थांश. तोच वर्गमूळाचा नियम.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ‘स्थिर धरा’ असा मेसेज जाईपर्यंत फोन हलवू नका. दोन्ही हातांनी धरा, कोपर अंगाशी टेकवा, जमलं तर फोन भिंतीला, खांबाला किंवा कोनाड्यात टेकवा. फोन स्थिर आहे हे कळलं की बरेच फोन स्वतःच जास्त वेळ प्रकाश गोळा करतात. दोन, हलणाऱ्या माणसासाठी नाईट मोड फार कामाचा नाही. जो भाग जुळत नाही तो जोडला जात नाही, मग तो दाणेदार तरी राहतो किंवा पुसट होतो. ओवाळणारी बाई क्षणभर थांबली की तेव्हा बटण दाबा.

झूम करू नका, जवळ जा

मी मागून दुप्पट झूम केला होता. डिजिटल झूम म्हणजे मधला भाग कापून मोठा करणं. दुप्पट झूममध्ये सेन्सरचा फक्त चौथा भाग वापरला जातो, तिप्पटमध्ये नववा. म्हणजे आधीच कमी असलेला प्रकाश आणखी फेकून द्यायचा! वेगळी झूम लेन्स असली तरी ती बहुतेकदा मुख्य लेन्सपेक्षा कमी प्रकाश घेते. एफ/२.८ ची लेन्स एफ/१.८ च्या तुलनेत निम्म्याहून कमी प्रकाश आत सोडते. म्हणून अंधारात मुख्य कॅमेरा वापरा आणि चार पावलं पुढे जा. त्याआधी लेन्स सुती कापडाने पुसा. बोटांचा तेलकट डाग असेल तर दिव्याभोवती धुरकट झालर येते.

प्रो मोडसाठी अंदाज

आधी समोरचा किती हलतोय ते बघून शटर ठरवा, मग फोटो पुरेसा उजळ येईपर्यंत आयएसओ वाढवा.

• देवघर, रांगोळी, इमारत, फोन टेकवलेला: १/४ सेकंद किंवा जास्त, आयएसओ १०० च्या आसपास
• शांत बसलेला माणूस: १/५०
• चालणारी माणसं, लहान मुलं: १/१२५ ते १/२००
• लेझीम, ढोल-ताशा, नाच: १/२५० च्या पुढे
• आतषबाजी, फोन ट्रायपॉडवर: आयएसओ १००, १ ते २ सेकंद

एक खास गोष्ट: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोटोत किंवा व्हिडिओत आडवे काळे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

महत्त्वाचे फोटो शक्य असेल तर रॉ फॉरमॅटमध्येही ठेवा. फाईल मोठी होते, पण नंतर दुरुस्तीला जास्त वाव मिळतो. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि उरलेला तपशीलही जातो.

नॉईज काढणारी ॲप्स?

ती शेजारचे पिक्सेल बघून अंदाज बांधतात आणि खरबरीत भाग गुळगुळीत करतात. भिंत, आकाश यावर छान चालतं. मी आजीच्या फोटोवर असं एक ॲप चालवलं. ठिपके गेले, पण सोबत सुरकुत्याही गेल्या आणि हनुवटीवरचं हिरवं गोंदण पुसलं गेलं. आईने बघितलं आणि म्हणाली, “ही कोण?” सेन्सरपर्यंत जे पोहोचलंच नाही ते ॲप कुठून आणणार? ते फक्त अंदाजाने भरतं. म्हणून वापरलंत तरी पट्टी कमी ठेवा आणि मूळ फोटो कधीच डिलीट करू नका.

थोडक्यात

पुढच्या वेळी घरात कार्यक्रम असेल तर या क्रमाने करा: लेन्स पुसा, उजेड वाढवा, झूम न करता जवळ जा, फोन टेकवा, चेहऱ्यावर बोट ठेवून एक्सपोजर किंचित कमी करा, माणूस थांबला की बटण दाबा. आणि कार्यक्रम संपायच्या आत एक फोटो मोठा करून डोळ्यांपाशी तपासा. तेव्हा बिघडलेला दिसला तर परत काढता येतो.

भिंतीवर शेवटी काकूने ट्यूबलाईट लावली त्या मिनिटाचा फोटो लागला. आजी कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, विझलेल्या दिव्याकडे बोट दाखवून काकूला काहीतरी सांगतेय. पण गोंदण स्पष्ट दिसतंय. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो आज दिवसाउजेडी, खिडकीपाशी बसवून काढून ठेवा. त्यासाठी नवीन फोन लागत नाही.