बत्तीर : आठ दिवसांच्या आठवड्याचा गांव

जगांत सर्वत्र आठवडा सात दिवसांचा असतो. परंतु जेरुसलेमच्या नैर्ऋत्येस, बेथलेहेम शहरापासून सुमारें सहा किलोमीटरांवर, डोंगराच्या कुशींत एक लहानसा पॅलेस्टिनी गांव आहे, आणि तेथील पाण्याचा आठवडा आठ दिवसांचा आहे. गांवाचें नांव बत्तीर. गांवांत मुख्य कुळें आठ. प्रत्येक कुळास झऱ्याच्या पाण्याचा एक दिवस. आठ दिवस संपले कीं पुन्हां पहिल्या कुळाची पाळी. शुक्रवारची नमाज सातांच्या हिशेबानें येते. वांग्यांच्या वाफ्यास पाणी मात्र आठांच्या हिशेबानें मिळतें. इतिहासाच्या पुस्तकांत पॅलेस्टाईन हा देश बहुधा प्रेषित, राजे, धर्मयुद्धें आणि तह यांच्या निमित्तानें येतो. नांगर धरणाऱ्या माणसाचा पॅलेस्टाईन त्यांत क्वचितच दिसतो. तो पाहावयाचा असेल तर बत्तीरसारख्या खेड्याकडे वळलें पाहिजे.

हा सगळा प्रदेश चुनखडीच्या डोंगरांचा आहे. पाऊस पडतो तो हिवाळ्यांत. उन्हाळा अगदीं कोरडा जातो. उतार असा खडा, कीं मोकळी माती चार मोठ्या सरींबरोबर दरींत वाहून जावयाची. यावर तेथल्या शेतकऱ्यानें जो उपाय योजिला तो कोंकणांतील मनुष्यास तत्काळ ओळखीचा वाटेल. तो उपाय म्हणजे गडगा. शेतांतलेच धोंडे वेंचावयाचे, ते चुन्यावांचून एकावर एक बसवावयाचे, आणि त्या भिंतीच्या पाठीमागें माती भरून सपाट पट्टी तयार करावयाची. एका श्रमांत तीन कामें साधतात : जमीन निवडून निघते, भिंत उभी राहते आणि माती थांबते. चुना नसणें हा या बांधणीचा दोष नसून गुण आहे. दगडांच्या फटींतून जादा पाणी झिरपून जातें; त्यामुळें भिंतीवर पाण्याचा दाब पडत नाहीं, आणि माती मात्र जागची हलत नाहीं. अशा पट्ट्या पायऱ्यांप्रमाणें एकीखालीं एक उतरत दरीच्या तळापर्यंत गेल्या आहेत. पडलेली भिंत त्याच दगडांनीं पुन्हां उभारावयाची, हें काम तेथें पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें आहे.

वरच्या पट्ट्या जिराईत. त्यांवर ऑलिव्ह, द्राक्षवेली, अंजीर आणि बदाम. द्राक्षें व अंजिरें पिकण्याच्या दिवसांत कुटुंबेंच्या कुटुंबें राखणीसाठीं शेतांत राहावयास जात. त्यासाठीं बांधलेले दगडी मनोरे अजून जागोजागीं उभे आहेत. झऱ्याखालच्या पट्ट्या बागाईत, त्यांवर भाजीपाला. बत्तीरचीं लांबट वांगीं तर सगळ्या मुलुखांत प्रसिद्ध आहेत. झऱ्याचें पाणी रोमन काळापासून चालत आलेल्या एका दगडी हौदांत सांठवितात, आणि तेथून तें पाटांनीं शेतांशेतांत फिरतें. हौदांतील पाण्याची खोली खुणा केलेल्या काठीनें मोजावयाची, आणि ज्या कुळाचा दिवस असेल त्यांतील घरांना त्या खुणांच्या मापानें वाटून द्यावयाचें, अशी रीत. या व्यवस्थेसाठीं कोणी अधिकारी नेमलेला नव्हता, कीं तिचा कायदा कोणा बादशहानें लिहून दिलेला नव्हता. तिचें सामर्थ्य एवढेंच, कीं आज शेजाऱ्याचें पाणी चोरणाऱ्यास उद्यां आपल्या पाळीस त्याच शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोर हौदाशीं उभें राहावें लागतें.

गांवाच्या माथ्यावर एका जुन्या तटबंदीचे अवशेष आहेत. बत्तीर या नांवांत बेतार हें प्राचीन नांव राहिलें आहे, असें विद्वान् मानतात. इ. स. १३२ मध्यें बार कोखबा याच्या नेतृत्वाखालीं ज्यू लोकांनीं रोमन सत्तेविरुद्ध बंड केलें. त्या बंडाचा अखेरचा किल्ला बेतार. इ. स. १३५ मध्यें, हाड्रियन बादशहाच्या कारकीर्दींत, रोमन सैन्यानें वेढा घालून तो घेतला, आणि बंड संपलें. झऱ्यापाशीं एका खडकावर पांचव्या व अकराव्या रोमन पलटणींचीं नांवें कोरलेलीं सांपडलीं आहेत. म्हणजे वेढा घालणाऱ्या शिपायांनींही तहान भागविली ती याच पाण्यावर! माथ्यावरील त्या अवशेषांस गांवचे अरब शेतकरी 'खिर्बत अल्-यहूद', म्हणजे यहुद्यांचे भग्नावशेष, असेंच म्हणत आले आहेत. एका लोकांच्या पराभवाची ती खूण दुसऱ्या लोकांनीं आपल्या बोलींत जतन करून ठेविली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जमिनीची आठवण माणसांच्या भांडणांहून दीर्घ असते.

पुढें राज्यें आलीं आणि गेलीं. १५१७ सालीं तुर्कांचा अंमल सुरू झाला. १५९६ च्या तुर्की करनोंदींत बत्तीरचीं २४ मुसलमान कुटुंबें दाखविलेलीं आहेत. तीनशें वर्षें गांवाचें जग दरीपुरतेंच राहिलें. जेरुसलेमास जावयाचें तर गाढवावर ओझें लादून डोंगर चढावा लागे. हें सारें एका दिवसांत बदललें. २६ सप्टेंबर १८९२ रोजीं जाफा बंदरापासून जेरुसलेमापर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला. तो फ्रेंच कंपनीनें बांधिला होता, आणि डोंगर चढण्यास सोयीची म्हणून त्यानें नेमकी बत्तीरच्या पायथ्याची दरी धरिली. जेरुसलेमच्या अलीकडचें शेवटचें स्टेशन बत्तीर झालें. रुळांखालीं गांवची कांहीं जमीन गेली. पण त्याच रुळांनीं गांवास बाजार आणून दिला. पहांटे वाफ्यांतून खुडलेलीं वांगीं, पुदिना आणि कोबी टोपल्यांत भरून गांवच्या बायका गाडींत बसत आणि सकाळींच जेरुसलेमच्या बाजारांत पोंचत. ताज्या भाजीस भाव चांगला येई. झऱ्याच्या पाण्याचें नाणें करण्याची विद्या गांवास रेल्वेनें शिकविली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. ब्रिटिशांच्या अमदानींत, १९२२ च्या शिरगणतीच्या वेळीं, गांवांत ५४२ माणसें होतीं; १९४५ मध्यें हा आंकडा १,०५० वर गेला.

मग १९४८ साल उजाडलें. ९ एप्रिल रोजीं जेरुसलेमच्या पश्चिमेस देर यासीन या खेड्यांत ज्यू सशस्त्र टोळ्यांनीं शंभराहून अधिक गांवकरी ठार मारिले. ती वार्ता डोंगरांतील खेड्याखेड्यांत पोंचली, आणि बत्तीरचे बहुतेक लोक मुलांबाळांस घेऊन निघून गेले. ऑक्टोबरांत इस्रायली सैन्य या दरींत उतरलें. शेजारचीं अल्-वलजा, अल्-काबू आणि रास अबू अम्मार हीं खेडीं ओस पडलीं. बत्तीरवरही तीच वेळ यावयाची होती. रेल्वेचे रूळ ज्याच्या दारांतून जातात तो गांव, त्या रुळांची गरज असलेलें सैन्य सुखासुखीं सोडील, असें कोणास वाटणार?

गांवांत मूठभर माणसें मागें राहिलीं होतीं. त्यांचे पुढारी हसन मुस्तफा, वय चौतीस वर्षें. गांवांतच जन्मलेले, शिकलेले, लेखणी चालविणारे. या मूठभरांजवळ लढण्याजोगें कांहीं नव्हतें. म्हणून त्यांनीं युक्ति योजिली. रिकाम्या घरांतून ते रात्रीं दिवे लावीत. दिवसां अंगणांतून दोरीवर कपडे वाळत घालीत. समोरच्या डोंगरावरून दुर्बीण लावून पाहणाऱ्यास वाटावें, कीं गांव भरलेला आहे, चुली पेटलेल्या आहेत, माणसें जाग्यावर आहेत. इतिहासांत गडकोटांच्या संरक्षणाच्या कथा पुष्कळ आहेत; धुतलेल्या कपड्यांनीं गांव राखल्याची कथा विरळाच.

परंतु खरी परीक्षा पुढें होती. ३ एप्रिल १९४९ रोजीं ऱ्होड्स बेटावर इस्रायल आणि जॉर्डन यांच्यांत युद्धतहकुबीचा करार झाला. जेरुसलेमास जाणारा लोहमार्ग संपूर्ण आपल्या हातीं असावा, असा इस्रायलचा आग्रह होता. म्हणून बत्तीरपाशीं सीमारेषा रुळांच्या पलीकडे गांवाच्या बाजूस सरकविण्यांत आली. त्यामुळें घरें जॉर्डनकडे, आणि शेतांचा मोठा भाग इस्रायलकडे, अशी स्थिति झाली. शेत गेलें म्हणजे गांव गेलाच. येथें हसन मुस्तफा यांनीं जें साधिलें तें शेंकडों खेड्यांस साधलें नाहीं. वाटाघाटींतून असें ठरलें, कीं बत्तीरकरांनीं रेल्वेस कोणतीही इजा होऊं द्यावयाची नाहीं, आणि त्याच्या मोबदल्यांत सीमारेषेपलीकडील आपलीं शेतें त्यांनीं पूर्वींप्रमाणें कसावीं. पांगलेले गांवकरी परत आले. ऑगस्टांत आगगाडी पुन्हां धांवूं लागली; पण आतां ती बत्तीरला थांबत नसे. बायकांच्या टोपल्यांची वाट बदलली; जेरुसलेमचा बाजार तुटला आणि बेथलेहेमचा धरावा लागला.

शब्द दिला तो पाळला गेला. त्या भागांत तारेचें कुंपण नव्हतें, भिंत नव्हती. शेतकरी रूळ ओलांडून जात, ऑलिव्ह झोडीत, आणि संध्याकाळीं परत येत. ज्यांनीं आठ दिवसांच्या पाळीचा नियम पिढ्यान् पिढ्या पाळला, त्यांस रुळांविषयींचा हा नियम पाळणें जड गेलें नाहीं, असेंच म्हणावें लागेल. शेजाऱ्याशीं पटो वा न पटो, ठरलेली मर्यादा मोडावयाची नाहीं, ही शिकवण त्यांस हौदाच्या कांठींच मिळालेली होती. हसन मुस्तफा यांनीं पुढें गांवकऱ्यांच्या श्रमदानानें रस्ता आणि मुलींची शाळा यांसारखीं कामें उभीं केलीं. १९६१ सालीं त्यांचा अंत झाला. १९६७ च्या जूनमधील युद्धांत इस्रायलनें जॉर्डन नदीचा सारा पश्चिम किनारा घेतला, आणि सीमारेषेच्या दोन्ही अंगांस एकच लष्करी सत्ता आली. तरी शेतें कसण्याची वहिवाट चालूच राहिली.

या वहिवाटीवर मोठें संकट आलें तें एकविसाव्या शतकांत. २००२ पासून इस्रायलनें पश्चिम किनाऱ्याच्या कडेनें भिंत व कुंपण उभारण्यास आरंभ केला. हिंसक हल्ल्यांपासून संरक्षण, हा इस्रायलचा हेतु. आमची जमीन तोडण्याचा डाव, ही पॅलेस्टिनी लोकांची तक्रार. बत्तीरमध्यें ही भिंत रुळांच्या कडेनें, शेतांच्या पायऱ्या चिरीत जावयाची होती. गांवकरी आणि पर्यावरणाचें काम करणारी एक संस्था यांनीं इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. विशेष हें, कीं इस्रायलच्याच निसर्ग व उद्यान खात्यानें, भिंतीनें या प्राचीन शेतांची हानि होईल, असें मत दिलें. २०१४ सालीं युनेस्कोनें बत्तीरच्या शेतांची नोंद जागतिक वारशांत केली, आणि त्याच वेळीं धोक्यांत असलेल्या वारशांच्या यादींतही केली. जानेवारी २०१५ मध्यें न्यायालयांत भिंतीचा बेत थोपला. युद्ध, तह आणि सरकारें यांपुढें एका भाजीपाल्याच्या गांवाचें म्हणणें टिकलें, असे प्रसंग थोडे.

संकट मात्र सरलें असें नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें, बत्तीरच्या याच वारसाभूमींत, नाहल हेलेत्झ नांवाच्या नव्या इस्रायली वसाहतीसाठीं सुमारें ६०० दुनम जमीन आंखल्याचें इस्रायल सरकारनें जाहीर केलें. एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, सुमारें पाव एकर. शिवाय दुसरें संकट असें, कीं त्याची बातमी होत नाहीं. शेतीपेक्षां मजुरींत पैसा रोख मिळतो, म्हणून तरुण माणूस शहराची वाट धरतो. गडगा दर हिवाळ्यांत कोठें ना कोठें ढांसळतो, आणि त्याच वर्षीं कोणी तो बसविला नाहीं तर पुढच्या पावसांत त्या खिंडारांतून माती जाते. वरची पट्टी खालच्या पट्टीवर येते, आणि एका आळशी वर्षाची भरपाई एका पिढीस करावी लागते.

राज्यें नकाशावर रेघा ओढितात, आणि रेघ ओढण्यास एक दुपार पुरते. शेत करण्यास मात्र शेंकडों वर्षें लागतात. बत्तीरचा इतिहास वाचून मनांत राहतो तो एवढाच विचार. रोमन पलटणींनीं त्या झऱ्याचें पाणी प्यालें, तुर्की कारकुनानें त्या शेतांवर कर लिहिला, फ्रेंच कंपनीनें त्या दरींत रूळ टाकिले, ऱ्होड्सवर त्या जमिनीचे वांटे झाले. या सर्वांच्या अंमलांत पहांटे कोणी तरी उठून हौदांत काठी बुडविली, पाणी मोजिलें, आणि ज्याची पाळी त्याच्या पाटास वाट करून दिली. तो पाट वाहता राहील तोंवर बत्तीर राहील.