कुंभारीच्या माळावरची घरे

आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी अंकात सोलापूरच्याच आणखी एका सहकारी घरबांधणीची नोंद असावी, म्हणून हा छोटा लेख.

बिडी वळणाऱ्या बाईचे घर हाच तिचा कारखाना. पण पगारपत्रक नाही, तारण नाही, मग गृहकर्ज कुठले? बँकेत आयुष्य गेले म्हणून सांगतो, नियमाच्या चौकटीत ती बसतच नसे. तोड निघाली सहकारातून. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने बिडी कामगार बायकांची गृहनिर्माण संस्था झाली. केंद्र, राज्य आणि कामगार अशा तिघांच्या वाट्यातून कुंभारीला १०,००० घरे उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे वाटप झाले. नंतर तिथेच ३०,००० घरांचे रे नगर आले. पंतप्रधान आवास योजनेत घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख. त्यातली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली.

आता हिशेब बघा. घर स्वस्त पडले, कारण जागा शहराबाहेरची. बिडीवालीचे काम घरातच चालते. पण यंत्रमागावर जाणारा, हातगाडी लावणारा रोज शहरात येणार. जमिनीत वाचलेले पैसे बसभाड्यात गेले तर स्वस्ताई कसली? म्हणून पाणी, शाळा, दवाखाना, बस हे सगळे घराच्या किमतीतच धरायला हवे. नुसत्या चार भिंतींनी वसाहत होत नाही, हे आपल्या जुन्या सभासदांना वेगळे सांगायला नको.