जनगणना, महागाई, जीडीपी : कलघटगीच्या घरातून देशाच्या आकड्यापर्यंत

कलघटगी : धारवाड जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव रंगीत लाकडी पाळण्यांसाठी ओळखलं जातं. त्या पाळण्यातलं तान्हं बाळही जनगणनेत मोजलं जातं आणि त्याच्या मातृभाषेचा रकानाही भरला जातो. बाळाला बोलता येत नाही, म्हणून आईची नेहमीची भाषा लिहायची, असा नियम आहे. देशाचे मोठे आकडे असे घरापासूनच सुरू होतात.

लोकसंख्या

२०११ च्या जनगणनेत कर्नाटकाची लोकसंख्या ६ कोटी ११ लाख, तर धारवाड जिल्ह्याची सुमारे १८ लाख ४७ हजार होती. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे लांबली, त्यामुळे जुन्या आकड्यांवरच काम चालत राहिलं. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याची तरतूद आहे. प्रत्येक राज्यात किती जणांना ते मिळणार, हे २०११ च्या लोकसंख्येवरून ठरलं. लोकसंख्या वाढली तरी ही मर्यादा आपोआप वाढत नाही.

नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. बहुतेक देशासाठी संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

मातृभाषेचा रकाना

२०११ मध्ये देशात सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे, लहानपणी आई जी भाषा आपल्याशी बोलली ती मातृभाषा. आपण राहतो ते राज्य, शाळेचं माध्यम किंवा बाजारात बोलतो ती भाषा इथे धरत नाहीत. येत असलेल्या आणखी दोन भाषांसाठी वेगळी जागा असते. त्यामुळे घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलणाऱ्याला दोन्ही नोंदवता येतात; एक लिहिली म्हणून दुसरी पुसली जात नाही.

या रकान्याला महत्त्व आहे. एखाद्या अल्पसंख्याक भाषेचे लोक स्थानिक लोकसंख्येच्या किमान १५ टक्के असतील, तर महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेत ठरलेलं आहे. हे प्रमाण काढायचं तर आधार जनगणनेचाच. गणकाने अंदाजाने भाषा लिहिली आणि घरच्यांनी ती पाहिली नाही, तर टक्का तिथेच घसरतो.

महागाई

महागाईचा दर म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत भाव किती वाढले ते. दर उतरला म्हणजे भाव उतरले, असं नाही. भाव वाढतच असतात, फक्त वाढीचा वेग कमी झालेला असतो. शिवाय हा आकडा सरासरीचा असतो. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचं वजन ग्रामीण भागात ५४.१८ टक्के, तर शहरी भागात ३६.२९ टक्के होतं. म्हणून डाळ-तेल महागलं की खेड्यातल्या निर्देशांकाला जास्त झळ बसते. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता मात्र औद्योगिक कामगारांच्या वेगळ्या निर्देशांकावरून ठरतो.

जीडीपी

देशात ठरावीक काळात तयार झालेल्या वस्तू-सेवांचं एकूण मूल्य म्हणजे जीडीपी. स्वतंत्र भारतात १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, तर पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य होते. कंपनीचा हिशेब ताळेबंदातून मिळतो. घरात पाळणा रंगवणाऱ्या कारागिराकडे ताळेबंद नसतो. अशा छोट्या उद्योगांचा अंदाज नमुना सर्वेक्षणातून बांधतात. ठरावीक घरं आणि दुकानंच निवडलेली असल्याने तिथे मिळालेलं एक चुकीचं उत्तर अनेकांच्या नावावर जमा होतं.

आकडा वाचताना

बातमीतला आकडा कुठल्या वर्षाचा, कशाच्या तुलनेतला आणि कोणत्या भागाचा, एवढं आधी बघावं. देशाच्या सरासरीवरून कलघटगीचा बाजार कळत नाही. आणि गणक दारात आला, की त्याने काय लिहिलं ते तिथल्या तिथे वाचून घ्यावं. जनगणना कायद्यानुसार वैयक्तिक माहिती गोपनीय राहते. खरं सांगायला घाबरण्याचं कारण नाही.