पदराची गाठ आणि बादशहाची घटका

पदराला कधीच गाठ मारली नाही अशी बाई आपल्याकडं सापडायची नाही. बाजारातून मीठ आणायचंय, मारली गाठ. शेजारणीचं सूप परत द्यायचंय, मारली गाठ. संध्याकाळी गाठ हाताला लागते अन् कशाची होती तेच आठवत नाही, हेही आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे!

पुढं करायचं काम लक्षात ठेवण्याचे दोन भाग असतात. एक, काय करायचं. दुसरा, नेमक्या वेळेला ते आपोआप मनात येणं. पहिलं सोपं, दुसरं अवघड. माणसानं फार पूर्वीपासून हे दुसरं काम मेंदूबाहेर कुणावर तरी सोपवलंय.

बाबरानं 1526 साली पानिपत जिंकलं. त्याच्या आठवणींच्या ग्रंथात त्यानं इथल्या घड्याळवाल्यांविषयी लिहून ठेवलंय. बुडाला भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. मग पितळेच्या जाड थाळीवर टोले द्यायचे. लग्नात भटजी घंगाळात सोडायचे ती घटिका हीच. दिवसरात्रीच्या 60 घटका, आठ प्रहर. पण बाबराला एक खोट दिसली. रात्री जाग आली, तीन टोले ऐकू आले, तर ते कुठल्या प्रहरातले हे कसं कळावं? म्हणून त्यानं हुकूम काढला की घटकेचे टोले झाले की थोडं थांबून प्रहराचेही द्यायचे. नुसती खूण पुरत नाही, ती कशाची हे कळायला हवं. आपल्या गाठीचंही तेच दुखणं!

छत्रपती संभाजीनगरात नौबत दरवाजा आहे. नौबत म्हणजे ठरल्या वेळेला झडणारे नगारे. शहराला वेळेची आठवण द्यायला अशी पगारी माणसं असत. घरात मात्र हे काम बाईकडं, आणि बिनपगारी. लाइट रात्री किती वाजता येणार, सासूबाईंची बीपीची गोळी, पोराची लस, बचत गटाचा हप्ता, सगळं तिच्या डोक्यात. दहातलं एक राहिलं की ती विसराळू. उरलेली नऊ कुणी मोजत नाही. आम्हाला हा न्याय काही पटत नाही.

आइन्स्टाइन आणि मॅकडॅनियल (हे आइन्स्टाइन वेगळे बरं का) या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली याचा अभ्यास छापला. एखादी गोष्ट समोर आली की ठरलेलं काम करायचं, असं सांगितलं तेव्हा म्हातारी माणसं तरुणांच्या मागं पडली नाहीत. घड्याळावर आपणच नजर ठेवून करायचं काम जास्त जड जातं, असं त्या सुमाराच्या इतर प्रयोगांत दिसलं. म्हणजे 'आठ वाजता गोळी' यापेक्षा 'भाकरीचा तवा उतरवला की गोळी' हे डोक्याला हलकं. तवा रोज समोर येतोच. मेंदूचा कपाळामागचा भाग ठरवलेलं काम धरून ठेवतो, पण त्याला असा धक्का मिळाला तर बरं पडतं.

आता गोळीचा विषय निघालाच आहे. अमेरिकेत 1960 साली गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली, तेव्हा ती साध्या बाटलीत मिळायची. आज घेतली की नाही, हे बाटली कशी सांगणार? चार लेकरांचा बाप असलेल्या डेव्हिड वॅग्नर नावाच्या माणसाच्या घरी यावरून कटकट व्हायला लागली. त्यानं कागदावर वार लिहून प्रत्येक वारावर एकेक गोळी ठेवली. गोळी जागेवर नाही, म्हणजे घेतली. कागद एकदा खाली पडला नि गोळ्या विखुरल्या. मग त्यानं फिरती गोल डबीच बनवली आणि 1962 साली पेटंटसाठी अर्ज केला.

आपल्याकडच्या माला-डीच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. गर्भ राहू नये म्हणून असतात त्या 21. उरलेल्या सात गडद रंगाच्या, लोहाच्या. पाळीच्या त्या सात दिवसांत गोळी बंद ठेवली असती तर आठव्या दिवशी पुन्हा सुरू करायचं ध्यानात ठेवावं लागलं असतं, आणि तिथंच चूक होते. रोज एक, हा क्रम तुटू नये म्हणून त्या जागा भरलेल्या आहेत. लोह मिळतं ते वेगळंच.